व्यंकटरावांचा तीन नंबरचा सेट

व्यंकटराव कंधारकर पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी चहाच्या आधी आमच्या दिव्याची वायर मागितली. मागितली म्हणजे काय, स्वतःच उठले, टेबलावरचा दिवा विझवला, भिंतीतून वायर काढली, तिची घडी करून कानाशी नेली आणि डोळे मिटून ऐकत बसले. आमची ही चहाचे कप घेऊन दारात उभी. पाहुण्याने वायर ऐकावी असा प्रसंग तिच्या माहेरी कधी आला नव्हता. थोड्या वेळाने व्यंकटरावांनी डोळे उघडले, वायरीला अगदी अदबीने म्हणाले, "मियाँ, अब आराम करो," आणि मग माझ्याकडे वळून, "आतलं रबर सुकलंय हो. वाकवलं की कुरकुरतं. उद्याच्या उद्या बदला. चहा आणला का वहिनी? द्या."

चहा घेऊन ते गेले. आमची ही म्हणाली, "कोण हो हे? वायरीला मियाँ म्हणायलेत."

"आमच्या वर्कशॉपातले वेल्डिंग सुपरवायझर. मागच्या गल्लीत राहतात."

"मग वेल्डिंगच्या माणसाला आपल्या दिव्याचं काय पडलंय?"

याचं उत्तर मला ठाऊक नव्हतं. आणि एखादी गोष्ट ठाऊक नसली की मला जेवण गोड लागत नाही. ही माझी जुनी खोड. दुसऱ्या दिवशी मी वायर बदलली, जुनी कापून बघितली, तर आतलं रबर खरंच भुग्यासारखं हातात आलं. तिथपासून मी व्यंकटरावांच्या मागे लागलो.

आम्ही तेव्हा काचीगुड्याला राहत होतो, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. वर्कशॉप सरकारी. रस्त्याचे रोलर, विहिरींचे पंप, पाण्याच्या टाक्या असलं काय काय दुरुस्तीला येई. मी तिथे कारकून, म्हणजे लोखंडाशी माझा संबंध टाचणीपुरता. व्यंकटराव मात्र लोखंड जोडणाऱ्यांचे मुख्य. खरं तर कंधारकरांचं घराणं वकिलांचं. आजोबा वकील, वडील वकील, थोरले भाऊ तर नावाजलेले वकील. धाकटे व्यंकटराव तेवढे शेरवानी सोडून खाकी पँटीत शिरले. भाऊ कुणाला ओळख करून देताना "आमचे बंधू, सरकारी नोकरीत असतात," एवढंच म्हणत आणि घाईघाईने विषय बदलत. व्यंकटरावांना त्याचं काही वाटत नसे. ते म्हणत, "दादा भावाभावांच्या वाटण्या करून देतात, मी जोडायचं काम करतो. एका घरात दोन्ही असलेलं बरं."

अंगाने उंच, वाळके. डोक्यावर काळी टोपी. आणि शर्टाच्या खिशात, जिथे आम्ही पेन लावतो तिथे, दाढीचा ब्रश. दाढी ते न्हाव्याकडून करवून घेत. ब्रश गॅससाठी होता. रोज सकाळी वर्कशॉपात आले की वाटीत साबणाचा फेस करायचा आणि वेल्डिंगच्या गॅसच्या नळीच्या प्रत्येक सांध्याला तो ब्रशाने लावायचा. मग वाकून बघत बसायचं. फेसात बुडबुडा फुगायला लागला की तिथून गॅस निसटतोय. नवीन माणसाला लांबून वाटे, हा गृहस्थ सिलिंडरची दाढी करतोय.

नळ्यांचं झालं की होल्डर. वेल्डिंगचा रॉड ज्या चिमट्यात धरतात तो होल्डर. त्याची पकड सैल झाली की तो तापतो, हे मला त्यांनीच शिकवलं. ते तापलेल्या होल्डरला तळहात लावत नसत, हाताची मागची बाजू लावत, घरात आजारी मुलाचा ताप बघतात तशी. केबल कुठे वाकली, कुठे फुगली, चष्म्याच्या काळ्या काचेवर किती ठिणग्या बसल्या, सगळं बघून होईस्तोवर एकाही माणसाने काम सुरू करायचं नाही. आणि यातलं काहीही मनातून उतरलं की तेच वाक्य, तीच अदब. "मियाँ, अब आराम करो."

यावरून त्यांची स्टोअरकीपर सत्तारसाहेबांशी रोज जुंपे. सत्तारसाहेब भला माणूस, पण नवी वस्तू द्यायची म्हणजे त्यांना कपाटाची किल्लीच सापडत नसे. सरकारी नियम असा की जुनी वस्तू मोडली तरच नवी मिळणार. आणि व्यंकटरावांच्या हाताखाली वस्तू मोडायची कशी? मोडायच्या आधीच तिला आराम मिळे.

"पंत, ये तो अच्छाखासा है. टूटा कहाँ?" सत्तारसाहेब होल्डर उलटासुलटा करून विचारत.

"टूटनेतक रुकूँ क्या?"

"मैं क्या करूँ, लिखा हुआ है, टूटे तोच देना बोलके."

मग व्यंकटराव खिडकीतून तो होल्डर परत घेत, बाहेरच्या दगडावर ठेवत, हातोडीचे दोन घाव घालत आणि तुकडे सत्तारसाहेबांच्या टेबलावर मांडत. "अब टूटा." सत्तारसाहेब कपाळाला हात लावत आणि नवा होल्डर देत. हा कार्यक्रम बघायला आम्ही कारकून मंडळी हातातलं काम टाकून जमत असू.

त्यांच्या या खोडीला वर्कशॉपची भिंत नव्हती. त्यांच्या भावाच्या एका अशिलाकडे लग्न होतं. गोरज मुहूर्त, मांडवात गॅसबत्त्या. मंगलाष्टकं सुरू झाली, सगळ्यांच्या नजरा अंतरपाटावर, आणि व्यंकटरावांची नजर एका गॅसबत्तीवर. अक्षता मुठीत तशाच. तिसऱ्या मंगलाष्टकाला ते निघाले, पाहुण्यांच्या पायांवर पाय देत बत्तीपाशी पोचले आणि त्यांनी ती सरळ विझवून टाकली. अर्ध्या मांडवात अंधार. भटजी थांबले. वरमाईचा आवाज चढला. मुलीचे वडील हात जोडून, "व्यंकटराव, मुहूर्त टळायला लागलाय."

"टळू द्या थोडा. हिच्या पंपातलं चामडं फाटलंय. तेल बाहेर यायलंय, भडकली तर मांडव पेटेल," असं म्हणत त्यांनी खिशातून नवं चामडं काढलं. लग्नाला येताना खिशात गॅसबत्तीचं चामडं घेऊन येणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. बसवलं, पंप मारला, बत्ती आधीपेक्षा लखलखीत झाली आणि व्यंकटरावांनी मुठीतल्या अक्षता तिथूनच फेकल्या. वरमाई नंतर म्हणत होती, तो मनुष्य वेडा आहे, पण फोटो छान आले.

लोक त्यांच्यापासून वस्तू लपवू लागले. ते येताना दिसले की शेजारच्या काकू स्टोव्ह मोरीत नेऊन ठेवत. आमची ही मात्र त्यांच्या बाजूची झाली होती. ती उलट पंखा, इस्त्री सगळं त्यांच्यापुढे आणून ठेवी, डॉक्टरपुढे पोरं उभी करावीत तशी.

मला एकच विचारायचं होतं. वस्तू टाकायची वेळ नक्की कोणती? एका रविवारी त्यांना चहाला बोलावून मी विचारलंच.

"घाईनं टाकतो तो आळशी," ते म्हणाले. "त्याला दुरुस्ती नको असते. उशिरा टाकतो तो लोभी."

"आणि बरोबर वेळेला?"

"ते हाताला कळतं हो."

"माझ्या हाताला कसं कळेल?"

मग त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. आधी बघायचं की झिजलंय ते सुटं आहे की मूळचं. होल्डर गेला, होल्डर बदला. केबल गेली, केबल बदला. नळीचं टोक चिरलं तर टोक कापून टाका, उरलेली नळी अजून वापरता येते. सुट्या भागांसाठी अख्ख्या यंत्राला नावं ठेवायची नाहीत. पण सगळे सुटे भाग नवे घालूनही यंत्राची पेटीच हाताला झिणझिण्या द्यायला लागली, की ओळखायचं, आतलं मूळ गेलं. मग हात जोडायचे.

"आणि तेव्हाही ते चालत असलं तर?"

"चालतच असतं," व्यंकटराव म्हणाले. "तीच तर पंचाईत आहे."

एवढं कळूनही माझं समाधान होईना. माणूस असा उगाच होत नाही, मागे काहीतरी घडलेलं असणार. काचीगुड्यात त्याच्या तीन कथा होत्या. कुणी म्हणे त्यांच्या उस्तादाचे डोळे गेले, कुणी म्हणे मेहुणा भाजला, एकाने तर नळी फुटून अख्खं दुकान उडाल्याचं मला शपथेवर सांगितलं. मी एकदा धीर करून त्यांनाच विचारलं.

ते बराच वेळ आठवत राहिले. "नाही हो. काहीच झालं नाही," ते म्हणाले. "माझ्या हाताखाली इतकी माणसं काम करून गेली, एकालाही भाजलं नाही."

मी चांगलाच हिरमुसलो. ते मात्र त्या विचाराने इतके खुश झाले की त्यांनी आणखी अर्धा कप चहा मागितला.

व्यंकटरावांना एक मुलगी, विमल. बायको विमलच्या लहानपणीच गेली होती. भावाच्या घरात वाढवता आली असती, पण त्यांनी वेगळी खोली घेऊन पोरीला स्वतः वाढवलं. वेणी घालायलासुद्धा ते शिकले होते, आणि शेजारच्या काकू सांगत की वेणी घालायच्या आधी ते रोज रिबीन ताणून बघत. विमलचं लग्न औरंगाबादला झालं. जावई शाळामास्तर, स्वभावाने गरीब. नातीच्या बारशाला व्यंकटराव गेले आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीने परत आले.

"राहायचं की चार दिवस," मी म्हटलं.

"मुलीच्या घरी कसं राहायचं?" त्यांनी मलाच विचारलं. आणि यात आमच्याकडे कुणालाच काही वावगं वाटत नसे. मुलगी दिली की तिच्या घरचं पाणीसुद्धा जपून प्यायचं. नात झाल्यावर जेवायला हरकत नाही म्हणतात, पण विधुर सासऱ्याने जावयाच्या घरी पथारी पसरायची म्हणजे लोक काय म्हणतील? व्यंकटरावांच्या थोरल्या भावाने तर घरजावई असतो तसा घरसासरा नसतो असं एकदा सगळ्यांसमोर सुनावलं होतं.

विमलची पत्रं येत. ते मला त्यातलं एकच सांगत, नात आता काय काय करायला लागली ते. बसायला लागली. रांगायला लागली. एकदा म्हणाले, "तिने आजोबा म्हणून हाक मारली म्हणे. कुणाला मारली कोण जाणे, मी तर इथे." आणि हसले. मला ते हसणं बरं वाटलं नाही.

अशातच भाषेप्रमाणे आमच्या राज्याचे तीन तुकडे व्हायचं ठरलं. तेलुगू भाग आंध्रात, कानडी भाग म्हैसुरात आणि आमचा मराठवाडा मुंबई राज्यात. राज्य तुटलं की सरकारी सामानही तुटतं, हे आम्हाला तोवर सुचलं नव्हतं. वर्कशॉपात वाटण्या सुरू झाल्या. कपाटं वाटली, खुर्च्या वाटल्या, ऐरण कुणाची यावर दोन दिवस गेले. भिंतीवरचं एकुलतं एक घड्याळ कुणालाच द्यायला कुणी तयार होईना, तेव्हा ते बंद पडेस्तोवर इथेच ठेवायचं असा तोडगा निघाला. मराठी नोकरांना विचारलं, इथे राहता की मुंबई राज्यात जाता? माझे भाऊ जालन्याला, मी जातो म्हणालो. मला औरंगाबादचं कार्यालय मिळालं.

व्यंकटरावांचं मात्र एका वस्तूवर अडलं होतं. मुंबई राज्य त्यांना नागपूर, कोल्हापूर कुठेही पाठवू शकलं असतं. औरंगाबादला नवं वर्कशॉप निघत होतं खरं, पण तिथे वेल्डिंग सुपरवायझरची जागा तेव्हाच मिळणार होती जेव्हा इथून वेल्डिंगचा सेट तिथे जाईल. सेट नाही तर सुपरवायझर नाही. आमच्याकडे विजेवर चालणारे तीन सेट होते. दोन इथे ठेवायचे, एक औरंगाबादला द्यायचा, असं ठरलं. कोणता द्यायचा यावरून तोंडं सुजेपर्यंत वाद झाले आणि शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी सत्तारसाहेबांच्या टोपीतून काढली. तीन नंबरची निघाली.

व्यंकटराव त्या दिवशी विमलला पत्र टाकून, मिठाई घेऊन आमच्या घरी आले. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. औरंगाबादचं पाणी कसं आहे, थंडी फार असते का, घरभाडं काय पडतं, नुसते प्रश्न. माणूस एकदम तरुण दिसायला लागला.

"आता बदलीच झाली म्हटल्यावर वेगळं," ते आमच्या हिला सांगत होते. "सरकारी माणूस आहे मी, सरकारनं पाठवलं तिथे गेलो. विमलच्या मागच्या गल्लीत एक खोली घ्यायची. आपलं आपण राहायचं. संध्याकाळी पोरगी आली बोट धरून तर तिला फिरवून आणायचं. यात कुणाला काय बोलायला जागा आहे?"

"कुणालाच नाही," आमची ही म्हणाली आणि तिने डोळ्याला पदर लावला.

राहता राहिला एक सही-शिक्क्याचा भाग. जाणाऱ्या प्रत्येक यंत्राची तपासणी करून ते कामाला ठीक आहे असं सुपरवायझरने लिहून द्यायचं होतं. म्हणजे व्यंकटरावांनीच. तीन नंबरचा सेट बरेच दिवस कोपऱ्यात पडून होता. सत्तारसाहेबांनी त्याला हौसेने हिरवा रंग देऊन ठेवला होता, अगदी वरातीला निघाल्यासारखा. आमचे इंजिनियर चिटणीस साहेब आले, सत्तारसाहेब आले, कागद घेऊन मी.

व्यंकटरावांनी सेट सुरू केला. रॉड टेकवला, निळी ठिणगी उभी राहिली, सगळं झकास. चिटणीस साहेबांनी पेन काढलं. "जरा तापू द्या," व्यंकटराव म्हणाले. ते स्वतः पट्ट्या जोडत बसले. अर्धा तास गेला असेल. मग ठिणगी फडफडायला लागली, दिव्याची वात फडफडते तशी. व्यंकटरावांनी हातमोजा काढला आणि हाताची मागची बाजू सेटच्या पेटीला लावली. लगेच काढून घेतली.

त्यानंतर मी जे बघितलं ते मी विसरणार नाही. जो माणूस वस्तूला आराम द्यायला नेहमी पहिला, तो त्या दिवशी तिला उठवून बसवायला लागला. होल्डर बदलला, पुन्हा हात लावून बघितला. दोन नंबरच्या सेटची केबल आणून जोडली, पुन्हा बघितला. जमिनीत जाणारी तार उपटून नवी पुरली, तिथे स्वतः पाण्याची बादली ओतली. सेट थंड ठेवणारं आतलं तेल काढून बघितलं तर काळंकुट्ट, जळका वास येणारं; ते बदलून ताजं भरलं. दुपार उलटली. दर वेळी सेट थंड असला की नीट चाले, तापला की फडफडे आणि पेटीला हात लावला की व्यंकटरावांचं मनगट बारीकसं उडे.

शेवटी ते स्टुलावर बसले. "आतल्या तारांचं वाइंडिंग दोनदा भरून झालंय याचं," ते म्हणाले. "आता गाभ्याचे पत्रेच सुटायलेत आत. हा चालायचा नाही, साहेब."

चिटणीस साहेब मराठीच. त्यांना सगळं ठाऊक होतं. ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "कंधारकर, कळतंय मला. पण हलक्या कामाला चालेल की वर्ष-दोन वर्षं. तोवर तिकडे नवा येईल. तुम्ही असालच ना तिथे लक्ष ठेवायला."

"साहेब, हात मी लावणार नाही त्याला. तिथली माणसं लावतील. पावसाळ्यात, ओल्या जमिनीवर उभं राहून."

आणि मग सत्तारसाहेब बोलले, ज्यांनी उभ्या जन्मात एक होल्डर सुखासुखी दिला नव्हता ते. "पंत, छोड दो ना. लिख दो ठीक है बोलके. बेटी के पास जाओ."

व्यंकटराव त्यांच्याकडे वळले. डोळे भरून आले होते त्यांचे, आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत. "जाना तो बहुत है, सत्तारसाब," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातातला कागद घेऊन त्यावर 'निरुपयोगी' लिहून सही केली.

सेट भंगारात गेला. औरंगाबादची जागा गेली. व्यंकटराव इथेच राहिले.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर गेलो. ते ओट्यावर बसले होते. मला राहवलं नाही. "एक वर्ष गेलं असतं तरी पुष्कळ होतं," मी म्हटलं. "तेवढं वर्ष तरी मिळालं असतं तुम्हाला."

"मिळालं असतं," ते म्हणाले. "रोज नातीला फिरवायला नेलं असतं, आणि रोज डोक्यात तेच असतं, आज कुणी हात तर लावला नसेल? कसलं सुख लागणार हो त्यात."

मग ते म्हणाले, "तुम्ही जाणारच आहात तिकडे. विमलला भेटाल ना? तिला एवढंच सांगा की सरकारनं जागा काढून टाकली. मी लिहून दिलं हे नका सांगू. तिला वाटेल, बापाला आपल्यापेक्षा लोखंड प्यारं. तसं नाही हो ते. अजिबात तसं नाही."

मी हो म्हटलं. आम्ही आठवड्याभरात काचीगुडा सोडलं. गाडीवर ते आले होते, आमच्या मुलांसाठी गोळ्या घेऊन.

औरंगाबादला घर लागलं तसा मी विमलकडे गेलो. जावई शाळेत गेले होते. वडिलांसारखीच उंच पोर, कडेवर मुलगी. तिने पाणी दिलं, चहा ठेवला, आणि मी वाटेत पाठ केलेलं सांगून टाकलं. सरकारचा काही भरवसा नाही, ऐनवेळी जागाच काढून टाकली, बाबांचा नाइलाज झाला.

"सेटला काय झालं होतं?" तिने विचारलं.

"सेटला? सेटला काही नाही. जागाच—"

"काका, मी त्यांच्या हाताखाली वाढले आहे. काय झालं होतं सेटला?"

मी बायकोला फसवू शकत नाही, तर हिला काय फसवणार? सगळं सांगितलं. होल्डर बदलला ते, केबल बदलली ते, बादलीभर पाणी, काळं तेल, तापल्यावर मनगट उडायचं ते. ती मधून मधून मान हलवत होती, घरातल्या कुणाचं दुखणं ऐकावं तशी. सत्तारसाहेब काय म्हणाले तेही मी सांगितलं, आणि त्यावर बाबा काय म्हणाले तेही.

"म्हणजे दिवसभर खटपट केली त्यांनी," ती म्हणाली. "यायची."

"हो. दिवसभर."

"मी खोली बघून ठेवली होती मागच्या गल्लीत. मालकीणबाईंना सांगूनसुद्धा ठेवलं होतं, माझे वडील यायलेत म्हणून." तिने पदराने तोंड पुसलं. मुलगी तिच्या बांगड्यांशी खेळत होती. मग तिने विचारलं, "त्या दिवशी रात्री जेवले होते का हो ते?"

"नाही," मी म्हटलं. "आमच्या हिने डबा पाठवला होता. सकाळी तो तसाच परत आला."

विमल उठली. चुलीवरचा चहा तिने खाली उतरवून ठेवला, तो गाळायचं तिला भानही राहिलं नाही. "काचीगुड्याची गाडी उद्या किती वाजता आहे?" तिने विचारलं. मी वेळ सांगितली.

"यांना संध्याकाळी सांगते," ती म्हणाली. "बदली बाबांना लागते. मला माहेरी जायला काही लागत नाही." आणि तिने मुलीला माझ्या मांडीवर बसवलं, आत गेली, आणि पलंगाखालून ट्रंक ओढल्याचा आवाज आला.